आजोळ कुठलं, पावणं?

अक्कांच्या दारावरनं कुणी बी जाऊ दे, दूधवाला असू दे न्हाईतर मोठा सायब असू दे, अक्का पयलं इचारायच्या, "पावणं, आजोळ कुठलं?" नाव मागनं. काम त्येच्या बी मागनं. एकदा माझ्यादेखत अक्कांचं पाळणाघर तपासायला कोण सायब आलतं, इस्त्रीची पँट, काखेत फाईल, त्येंस्नी उंबऱ्यातच गाठलं.

सायब म्हणालं, "मी तपासणीला आलोय."

"या की. पर आजोळ कुठलं?"

"बाई, मी कामाला आलोय."

"कामाच्या माणसाला आजोळ नसतंय व्हय? आभाळातनं पडला न्हाईसा न्हवं?"

सायबानं इकडं तिकडं बघितलं आन हळूच म्हणालं, "गडहिंग्लज." मग गडहिंग्लजात कुठली गल्ली, कुणाच्या शेजारी, मामाची बायको कुठल्या गावची, असं करत करत सायब अक्कांच्या चुलत जावंच्या भावाचं भाचं निघालं, चटईवर मांडी घालून भडंग खाल्लं आन जाताना पाया पडून गेलं. तपासणी केली का न्हाई, द्येव जाणं.

आमच्याकडं वळख नसलेल्या माणसाला पावणंच म्हणत्यात, त्यात काय इशेष न्हाई. यष्टीत जागा मागायची तरी "सरका की पावणं". पर बाकीची माणसं तोंडानं म्हणत्यात आन सोडून देत्यात, अक्का खरंच त्येचा पावणा, म्हंजे नातं, काढायच्या. आन निघाला की मगच कडीच्या डब्यातलं मूठभर भडंग द्यायच्या. त्येच्या आदी न्हाई.

त्येंचं नाव मी सांगत न्हाई, हुपरीचं सगळं गाव अक्काच म्हणायचं. उंच, वाळलेल्या, कपाळाला इबूत, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. माहेर कर्नाटकाच्या कडंला, म्हणून लहान पोराला कूसू म्हणायच्या आन राग आला की कानडीत सुटायच्या, मग कुणालाच काय कळायचं न्हाई आन भ्या मात्र सगळ्यास्नी वाटायचं. आवाज असा की कानात सांगितलेलं स्टँडवर ऐकू जावं.

माझी आन त्येंची पयली गाठ पडली ती मी पूजाला काखंत घिऊन पाळणाघराच्या दारात हुबा ऱ्हायलो तवा. आमच्याकडं बायका बी आलो, गेलोच म्हणत्यात, हसू नगासा. मी पैंजणाला घुंगरं जोडायला जायचो, कारखाना म्हंजे एका घराची एक खोली, आन पूजाला तितंच खाटंच्या पायाला लुगड्याच्या काठानं बांधून ठेवायचो, कारण दिवसा घरात दुसरं कोणच न्हाई. खोलीतच कोपऱ्यात तेजाबाचं भांडं असायचं, चांदी उजळायचं. एक दिवस काठ सुटला. पोरगी रांगत रांगत भांड्यापाशी गेली, आत हात घालणार तवर शेजारच्या बाईनं तंगडीला धरून वढली. झालं काय न्हाई. पर मला तसली भीती बसली की माझं दूधच आटलं, आन दुसऱ्या दिवशी मी अक्कांच्या दारात.

"आजोळ कुठलं गं?"

मी पूजाचं झबलं सारखं करत ऱ्हायलो.

"ऐकू येत न्हाई व्हय? आजोळ, आजोळ."

मी म्हणालो, "मला म्हाईत न्हाई."

आन खरंच म्हाईत न्हाई. मी रांगत व्हतो तवाच आई गेली, मग बा गेला, चुलत्यानं वाढवलं. आईचं नाव तानू एवढंच चुलतीनं सांगितलं, कुठल्या गावची ते कदी काढलंच न्हाई. सातवीत शाळा सोडवली, लगीन लावून दिलं आन दार लावून घेतलं. अक्कांस्नी बी दारात येवढंच सांगितलं.

मला वाटलं आता अक्का हाकलून देणार. मग त्येंनी पूजाला माझ्या काखंतनं काढून घेतलं आन म्हणाल्या, "कूसू हितं ऱ्हाऊ दे. जा तू कामाला." आन डबा उघडून माझ्या वंजळीत भडंग घातलं. पावणा न काढता.

पाळणाघर म्हंजे दोन खोल्या, लोखंडी कॉटा आन दोऱ्या बांधलेल्या झोळ्या. अक्कांस्नी अंगाई म्हणता यायची न्हाई, सूरच न्हवता गळ्यात. त्या पोरं निजवायच्या कशानं, तर यष्टीच्या थांब्यानं. कंडाक्टरसारखं झोळीला हात लावून हेल काढायच्या, "रंकाळा ष्टँड... फुलेवाडी... बालिंगा... कळं... साळवण... असळज... गगनबावडा." पोरं बालिंग्यालाच डुलायला लागायची. साळवणच्या फुडं असळजपतोर कुणी जागं ऱ्हायलेलं मी बघितलं न्हाई. अक्का म्हणायच्या, "आमच्या पाळणाघरातल्या एका बी पोरानं गगनबावडा बघितला न्हाई." मी इचारलं, "तुमी बघितलाय व्हय?" म्हणाल्या, "कुठला? मी बी कळ्यातच पेंगतो."

तर मुंबईची गोष्ट. पाळणाघराला मुंबईची एक संस्था मदत करायची. त्येंचा निरोप आला की मोठी परिषद हाय, गावोगावच्या पाळणाघरांची, आन औंदा समद्यास्नी मदत देता यायची न्हाई, काही बंद करावी लागतील, म्हणून प्रत्येक ठिकाणची एक आई पाठवा, तिनं सोताच्या तोंडानं सांगायचं. आई पाठवा, चालवणारी बाई नगं. आन भाडं बी एकाच माणसाचं.

कोणच तयार न्हाई. कुणाचा नवरा सोडंना, कुणाच्या सासूचं गुडघं धरलेलं. अक्का माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ही जाईल."

मी म्हणालो, "अक्का, मी कोल्हापूरला अंबाबाईला जातो तरी हात धरायला कोणतरी लागतंय मला."

"म्हणूनच तू. भिणाऱ्या माणसाला खोटं रचता येत न्हाई."

"माझं भाडं हाय, तुमचं न्हाई."

"मग भाडं न लागणारी गाडी बघू की."

आमचं मालक, पूजाचा बा, आडवं आलं. म्हणालं, "मुंबईत हरवली म्हंजे?" अक्का म्हणाल्या, "हरवली तर मी बी तिच्याबरं हरवीन. दोघी येकदम सापडू." मालक ह्येच्यावर काय बोलायच्या आत आमी निघालो बी.

भाडं न लागणारी गाडी म्हंजे गुळाचा ट्रक. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातनं वाशीला जायचा. डायवर दाढीवाला, डोळं लाल. पूजाला मी पदरात असं गुंडाळलं की ती वरडायलाच लागली. अक्का गाडीच्या पायरीवर चढल्या आन आत तोंड घालून म्हणाल्या, "पावणं, आजोळ कुठलं?"

डायवर म्हणाला, "बायका घेत न्हाई मी."

"घिऊ नगा. आजोळ सांगा."

"...कापशी."

"सेनापती कापशी?"

"व्हय."

"चावडीच्या मागं का म्होरं?"

डायवरनं इंजीन बंद केलं. फुडचं मला समदं आठवत न्हाई, पर अक्कांची मावशी आन डायवरच्या मामाची सासू एकाच विहिरीचं पाणी प्यायच्या येवढं निघालं, आन डायवर उतरून आमची पिशवी वर घ्यायला लागला. वाटंत त्यो त्येंस्नी मावशी म्हणायला लागला. घाटात त्येनंच पूजाला मांडीवर घिऊन हारन वाजवू दिला. वाशीला उतरलो तर माझ्या लुगड्याला मागनं गूळ चिकटलेला, केबिनमधी रव्यांचं, म्हंजे गुळाच्या ढेपांचं, पोतं व्हतं त्येला टेकून बसलतो, आन मुंग्या माझ्याबरं मुंबईत उतरल्या.

ऱ्हायची सोय अक्कांनी केलेली. शेजारच्या पाटलीणबाईंचा दीर चेंबूरला, त्येच्याकडं. बिल्डिंग सांगितलेली, तिसरा मजला, दारावर पाटील लिवलेलं. बसनं गेलो, इचारत इचारत गेलो, जिना चढलो, तिसरा मजला, दारावर पाटील. अक्कांनी दार वाजवलं. बनियनवर एक गृहस्थ आले, तोंडात दात घासायचा ब्रश.

अक्का म्हणाल्या, "पावणं, कोल्हापूरहून आलोय."

त्येंनी ब्रश काढला आन आत वळून हाक मारली, "अगं, पाहुणे आलेत."

मग काय. या, बसा. आतनं वहिनी आल्या, पदर खोचलेला, पूजाचा गालगुच्चा घेतला, च्या ठेवला, न्हाणीत पाणी काढून दिलं. माझं लुगडं बघून म्हणाल्या, "अगं बाई, मुंग्या", आन सोताची निळी साडी काढून दिली मला. म्हणाल्या, "कधी निघालात?" मी म्हणालो, "काल निघालो." त्या हसल्या, "निघालो काय गं, निघाले." मी लाजलो. कसली माणसं, म्हणालो मनात, बिनवळखीची असून किती करत्यात. दुपारचं जेवाण, भरीत आन भाकरी, भाकरी कळण्याची, उडीद घातलेली, काळपट. अक्का चवीनं खात व्हत्या. आन मग त्येंच्या लक्षात आलं की अजून इचारलंच न्हाई.

"वहिनी, तुमचं आजोळ कुठलं?"

"धरणगाव."

"धरणगाव... ते कागलच्या अलीकडं का पलीकडं?"

"छे हो. जळगाव जिल्ह्यात."

अक्कांचा घास तसाच ऱ्हायला. त्येंनी पाटलांकडं बघितलं. "आन तुमचं गाव?"

"आमचं बी तिकडचंच. एरंडोल."

पाटील बायकोला हळू म्हणालं, "हे तुझ्याकडचे ना?" वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं तुमच्याकडचे."

मला वाटलं आता पोलीस. मी पूजाला उचललं आन हुबाच ऱ्हायलो, दुसऱ्याच्या साडीत. मागनं कळलं, आमचं पाटील शेजारच्या बिल्डिंगीत, तितला बी तिसरा मजला. 'पावणं' म्हंजे आमच्याकडं नुसती हाक, आन त्येंनी ऐकलं घरला पाहुणं आलं म्हणून.

अक्का जाग्यावरनं हलल्या न्हाईत. म्हणाल्या, "बस गं खाली. भाकरी टाकून उठू न्हाई." मग पाटलांस्नी म्हणाल्या, "चुकी झाली, पावणं. पर निम्मं जेवाण झालंय. आता पावणा काढल्याशिवाय मला उठता यायचं न्हाई."

आन लागल्या की काढायला. मामाचं गाव, मावशीचं गाव, बहिणी कुठं दिल्या, सून कुठनं आणली. पाटील बी आता इरेला पडलं, हात सुकला तरी उठंनात, आठवून आठवून सांगाय लागलं. धुळं झालं, नंदुरबार झालं, सुरतला गेलं, माघारी आलं. आमच्या बाजूला एक धागा येईना. मग अक्का म्हणाल्या, "बरं, तुमच्याकडची तानू नावाची कुणी पोरगी, आमच्याकडं कोल्हापूरच्या बाजूला दिलेली? लई वर्सं झाली. ल्हान पोर मागं ठिऊन गेली ती."

वहिनी म्हणाल्या, "नाही हो. कोण ती?"

"असंल कुणाची तरी," अक्का म्हणाल्या, आन माझ्याकडं बघितलं न्हाई.

तवा मला कळलं. त्या सायबाला, दूधवाल्याला, कालच्या डायवरला बी त्येंनी शेवटाला काय इचारलं ते मला तवा आठवलं. घाटात मी अर्धवट झोपंत तानू असं ऐकलतं, मला वाटलं सपान. माझ्या आईचं गाव हुडकत व्हत्या त्या, पूजा पाळणाघरात आल्यापासनं, येईल त्येला इचारून. मला येका शब्दानं बोलल्या न्हाईत. मी ताटाकडं बघत बसलो, भरितातलं वांगं दिसंना मला.

अक्का म्हणाल्या, "न्हाई निघत." असं त्येंच्या तोंडनं मी पयल्यांदा ऐकलं. "मग आता असं करू, पावणं. हितनं फुडं धरू. हे जेवलेलं धरायचं." आन डबा काढून त्या दोघांच्या ताटात भडंग वाढलं. त्येंनी आमाला शेजारच्या बिल्डिंगीत जाऊ दिलं न्हाई. अक्का बी म्हणाल्या, आता तिकडं गेलो तर ह्येंस्नी वाईट वाटंल.

दुसऱ्या दिवशी परिषद. वहिनी हॉलपतोर पोचवून गेल्या. हॉल म्हंजे केवढा, आन आत थंडी, मांडवात असती तसली न्हाई, यंत्राची. बायका छातीला नाव लावून फिरत्यात. एकेक आई वर जायची, कागद वाचायची, टाळ्या. अक्कांनी मला कागद दिलाच न्हवता. म्हणाल्या, "तुझं तुला म्हाईत न्हाई व्हय?" मी म्हणालो, अक्का, तुमीच बोला. म्हणाल्या, "मला बोलवलंय व्हय? आईला बोलवलंय."

माझं नाव घेतलं. पूजा माझं मानगूट सोडंना, तशीच घिऊन वर गेलो. माईकच्या फुडं तोंड नेलं आन त्येनं अशी शीळ मारली की पूजानं भोकाड पसरलं. सगळ्या हॉलभर तिचंच रडणं, माईकमधनं. मी हलवतोय, थोपटतोय, ती लालबुंद. संस्थेच्या मॅडम वर खुर्चीत व्हत्या, त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे, सावकाश." आन मला त्येंचं तोंड बी दिसंना. हुपरीचं पाळणाघर आता माझ्यामुळं जाणार, येवढंच डोस्क्यात, आन तेजाबाचं भांडं.

आन मागनं, पार शेवटच्या रांगंतनं, माईक न्हाई काय न्हाई, आवाज आला, "रंकाळा ष्टँड... फुलेवाडी..."

सगळ्या माना मागं वळल्या. अक्का हुब्या, एक हात असा फुडं, झोळीला लावल्यागत. "बालिंगा... कळं..." पूजानं हुंदका दिला. साळवणला तिनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "त्या काय म्हणताहेत?"

मी म्हणालो, "अंगाई हाय ती, मॅडम. गगनबावड्याच्या यष्टीचं थांबं."

हॉल हसला. मॅडम बी हसल्या. आन माझी भीती कुठंतरी कळ्याच्या आसपास उतरून गेली असंल, कारण मग मी बोलाय लागलो. खाटंचा पाय सांगितला, काठ सुटला ते सांगितलं, भांडं सांगितलं. चांगलं बोललो का वाईट, मला म्हाईत न्हाई.

मॅडमनी इचारलं, "आणि समजा बंद झालं, तर घरी बाळाला बघायला कोण आहे? आजी, मावशी, तुझं माहेर?"

मी म्हणालो, "मला म्हायेर न्हाई, मॅडम. माझ्या आईचं गाव कुठलं ते बी मला म्हाईत न्हाई. त्या मागं हुब्या हायत न्हवं, त्या म्हणत्यात, माणूस हाय म्हंजे आजोळ असतंयच. माझ्या पोरीचं ह्येच हाय, ह्या दोन खोल्या. तुमी बंद करा, तुमच्या हातात हाय. फकस्त उद्या हिला कुणी इचारलं आजोळ कुठलं, तर कुठलं सांगायचं तेवढं सांगा."

टाळ्या झाल्या का न्हाई ते मी ऐकलं न्हाई. खाली आलो तर अक्का नाक शिंकरत व्हत्या. म्हणाल्या, "मॅडमला तिचं आजोळ इचारायचं ऱ्हायलं बघ."

पाळणाघर बंद झालं न्हाई. माझ्यामुळं का आनी कशामुळं, कुणी सांगितलं न्हाई, पूजा शाळंला जाईस्तोवर चाललं आन त्येच्या फुडं बी चाललं, आता दुसरी बाई चालवत्या. निळी साडी मी धुऊन पार्सलानं पाठवली, ती माघारी आली, बरोबर पापड. चेंबूरचं पाटील दर वर्साला पत्र घालत्यात, अक्कांस्नी, तीर्थस्वरूप लिवून.

अक्कांस्नी आता दिसत न्हाई नीट. भाच्याकडं जयसिंगपूरला असत्यात, भडंग तिकडंच चांगलं मिळतंय म्हणत्यात. माझ्या आईचं गाव काय त्येंस्नी गावलं न्हाई. अजून इचारत असत्यात, मला म्हाईत हाय, भाच्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की.

मी अजून भितोच. ह्या सुट्टीत पूजाला घिऊन जयसिंगपूरला निघालो, तर गाडी हीच न्हवं, पिशवी हाय न्हवं, पोरीचं अर्धं तिकीट मान्य करतील का न्हाई, माझं आपलं चाललेलं. कंडाक्टर आला, मिशीवाला, रागीट.

"कुठं, पावणं?"

माझ्या आदी पूजा म्हणाली, "आजोळला."

"आजोळ कुठं ते सांग की."

"जयसिंगपूर."

त्येनं तिकिटं दिली आन फुडं निघाला. पूजानं त्येची खाकी बाही धरली. अक्कांसारखाच आवाज, सगळी यष्टी वळून बघाय लागली.

"आन तुमचं कुठलं?"

कंडाक्टर थांबला. मागनं दोघंतिघं सुट्टं पैसं फुडं करून बसली व्हती, त्येंच्याकडं त्येनं बघितलंच न्हाई. टोपी मागं सारली आन म्हणाला, "असळज."

पूजा माझ्याकडं वळली, डोळं असं मोठं करून.

"आई," ती म्हणाली, "ह्येनी असळज बघितलंय."